कोपीला किती कापड लागेल

फोन आला तेव्हा क्लासला नुकतीच येऊ लागलेली एक मुलगी मला विचारत होती, "ताई, मोराला किती कापड आणू?" दुपारची वेळ होती. केडगावातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी बरीच वर्षं भरतकाम शिकवते, आणि हा प्रश्न प्रत्येक नवी बाई विचारतेच. मी तिला आधी ग्राफच्या कागदावरची घरं मोजायला सांगितली होती. तिनं पेन्सिलीच्या टोकानं मोजायला सुरुवातही केली होती, आणि तेवढ्यात मोबाईलवर भास्करांचं नाव दिसलं. भास्कर म्हणजे माझे मिस्टर. ते दवाखान्यात आईजवळ होते. मी फोन कानाला लावला. ते म्हणाले, "मंजू, आई गेली..." एवढंच. बायकांनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. सगळ्यांनी आपापली कामं पिशव्यांत घातली. रुबीना माझी जुनी विद्यार्थिनी, शेजारच्याच गल्लीत राहते. तिनं दाराजवळची आत्याबाईंची बसायची उशी उचलली, छातीशी धरली आणि ती तशीच उभी राहिली.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. नाव केशरबाई, पण ह्यांच्या गावाकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि लग्न होऊन आले त्या दिवसापासून मीही तेच म्हणत आले. त्यांना जाऊन आता दोन महिने होत आलेत. मी काही लिहिणारी बाई नाही, टाके घालणारी आहे. पण घरात त्यांचा विषय निघाला की भास्कर उठून अंगणात जातात आणि माझ्या मनातलं मनातच राहतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

आत्याबाईंचं गाव पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. थोडी कोरडवाहू जमीन, पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर तीही नाही. दसरा झाला की सासरे आणि त्या बैलगाडी जोडून राहात्याकडच्या कारखान्याला ऊस तोडायला जायचे, ते थेट उन्हाळा लागला की परत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशीच तिकडे माणसं मोजतात. फडाजवळ बांबूच्या कामट्या वाकवून, वर उसाचं पाचट टाकून जी झोपडी करतात तिला कोपी म्हणतात. आत्याबाईंचा अर्धा संसार त्या कोपीत झाला. भास्कर एकुलते एक. शाळेत हुशार निघाले तेव्हा गावातल्या गुरुजींनी सांगितलं, पोराला फडावर नेऊ नका, त्याची शाळा बुडेल. म्हणून त्यांना आजीजवळ ठेवून आई-वडील जायचे. भास्कर शिकले, नोकरीला लागले, नगरला बदली झाली, केडगावला घर झालं. मी संगमनेरची, डेअरीत नोकरी करणाऱ्या वडिलांची मुलगी. उसाच्या गाड्या रस्त्यानं जाताना बघितल्या होत्या, तेवढाच माझा त्या जगाशी संबंध.

सासरे गेल्यावरही आत्याबाई गाव सोडायला तयार नव्हत्या. पण मग पायऱ्या चढताना दम लागायला लागला, पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाचं पंपिंग कमी झालंय, आता यांना एकटं ठेवू नका. भास्करांनी त्यांना घरी आणलं. आल्या त्या एक गाठोडं घेऊन. आणि आमच्या घरात त्यांना करायला कामच नव्हतं. जन्मभर कोयता चालवलेली बाई. पंख्याखाली बसून राहायचं म्हणजे त्यांना शिक्षाच. गहू निवडून झाले, लसूण सोलून झाला, वाळलेले कपडे दोन-दोनदा घडी घालून झाले, की त्या क्लासच्या वेळी दाराजवळ उशीवर येऊन बसायच्या आणि बायकांच्या हाताकडे बघत राहायच्या. कुणी गुलाब भरत असायची, कुणी राघू-मैना, कुणी गणपती. एकदा मला हळूच म्हणाल्या, "मंजू, येवढी फुलं काढत्यात ह्या. एकीच्या बी दारात झाड न्हाई." मला हसू आवरेना. रुबीनानं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या हातात मॅटीचा एक तुकडा दिला. मॅटी म्हणजे ज्याच्यावर आम्ही फुलीचा टाका घालतो ते जाडसर, चौकड्यांच्या विणीचं कापड. प्रत्येक चौकडीच्या चार कोपऱ्यांत चार भोकं, त्यांतून एक फुली. "आजी, बघा जमतंय का." आत्याबाईंनी सुईत लाल दोरा ओवून घेतला, आणि आठवडाभरात तो तुकडा या कडेपासून त्या कडेपर्यंत फुल्यांनी भरून टाकला. नक्षी नाही, काही नाही. नुसता लाल. मागची बाजू गाठींनी भरलेली. मी म्हटलं, "आत्याबाई, हे काय काढलंत?" तर म्हणाल्या, "काय न्हाई. हात बसत हुता का बघितलं."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं की त्यांना कोपी काढायची आहे.

मला आधी कळलंच नाही. फुलीच्या टाक्यात बंगला काढतात, ताजमहाल काढतात. पाचटाची झोपडी कुणी काढल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण त्या अगदी ठरवूनच बसल्या होत्या. "कोपी, चूल, दोन बैलं आन् मागं आमचा डोंगर. किती कापड लागंल?" आता हे सांगायचं तर आधी चित्र कागदावर यायला हवं. रुबीनाचा हात चांगला. आत्याबाई सांगत गेल्या आणि ती ग्राफवर काढत गेली, खोडत गेली. कोपी जास्त उंच झाली की आत्याबाई म्हणायच्या, "येवढी न्हाई गं, वाकून जावं लागतंय आत." बैल उभे काढले तर म्हणाल्या, "दिवस मावळल्यावं उभी कशाला राहत्याल? बसव त्यास्नी." असं करत करत चित्र जमलं.

मग मी त्यांना मोजायला बसवलं, जसं सगळ्यांना बसवते. शाळा त्यांनी बघितली नव्हती, पण त्यांची विसाविसांनी मोजायची रीत होती. एक वीस म्हणजे एक इसा. आडवी सहा इसा घरं निघाली, उभी चार इसा. म्हणजे एकशेवीस आणि ऐंशी. मी मॅटीवर पट्टी ठेवून त्यांना दाखवलं, "हे बघा, या कापडावर एका इंचात दहा फुल्या बसतात. मग एकशेवीस फुल्यांना बारा इंच, ऐंशी फुल्यांना आठ इंच. चित्राला एवढं कापड. पण आपण कापायचं चारही बाजूंनी तीन-तीन इंच जास्त. म्हणजे आडवं अठरा, उभं चौदा." आत्याबाईंना ते तीन-तीन इंच पटेनात. त्यांनी बोटानं ती कड चाचपली. "येवढं कोरं सोडायचं? वाया न्हाई का जायचं?" मी समजावलं, हातात धरायला लागतं, कडा उसवतात, फ्रेमवाल्याला मागे दुमडायला लागतं. जरा विचार करून म्हणाल्या, "बांध म्हन की मग. असं सांगावं सरळ." त्या दिवसापासून आमच्या क्लासमध्ये त्या कोऱ्या कडेला बांधच म्हणतात.

कापड आलं. आडवं आणि उभं दुमडून मधला बिंदू काढला, कारण भरायला सुरुवात मधूनच करायची असते, म्हणजे चित्र एका बाजूला सरकत नाही. आत्याबाईंचं भरणं सावकाश. दुपारी तास-दीड तास बसायच्या, दम लागला की सुई कापडात टोचून ठेवायच्या आणि डोळे मिटून भिंतीला टेकायच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी दोरा ओवायला दुसरं कुणी लागायचं. पाचटाचा रंग त्यांनी स्वतः निवडला. मी पिवळा दिला होता. त्या म्हणाल्या, पिवळं पाचट पहिल्या दिवशी असतंय, नंतर ते मातीवानी होतंय. मग मातकट रंगाच्या दोन लड्या मिसळून वापरल्या. खरंच सांगते, कोपी उमटायला लागली तशी मी रोज ती बघायला थांबायला लागले.

भास्करांनी ते काम बघितलं ते बऱ्याच दिवसांनी. ते संध्याकाळी घरी येईपर्यंत आत्याबाई सगळं आवरून ठेवायच्या. एकदा आवरायचं राहिलं. कॉटवर कापड पसरलेलं, वर रिंग तशीच. भास्कर बूट काढता काढता थांबले. त्यांनी कापड उचललं नाही, वाकून बघितलं. "हे काय आहे?" मी म्हटलं, "आत्याबाईंनी काढलंय. कोपी. झाल्यावर फ्रेम करून हॉलमध्ये लावू." ते म्हणाले, "हॉलमध्ये नको. कुठंच नको. काढायला दुसरं काही नव्हतं का?" आणि आत निघून गेले. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. कापडाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पिशवी उशाखाली ठेवून दिली. मला भास्करांचा राग आला. मला वाटलं, साहेबांना लाज वाटते. ऑफिसातले लोक घरी येतात, आपण कुठून आलो ते त्यांना दिसायला नको. मी तसं बोलूनही दाखवलं. भास्कर म्हणाले, "लाजेचं काही नाही त्यात." मग कशाचं आहे, ते मात्र सांगितलं नाही.

आत्याबाईंनी काम सोडलं नाही. फक्त भास्कर घरी असले की काढायच्या नाहीत. असे काही आठवडे गेले. मग एका रविवारी भास्कर बाहेर गेलेत म्हणून त्या भरायला बसल्या होत्या आणि ते लवकर परत आले. आत्याबाई कापड झाकायला लागल्या, तर म्हणाले, "राहू दे." पाणी प्यायले. पेपर घेऊन समोर बसले. पेपर वाचतायत असं दाखवत होते, पण डोळे कापडावर होते. शेवटी म्हणाले, "मागं डोंगर नव्हता."

आत्याबाईंची सुई थांबली.

"कॅनॉल होता मागं," भास्कर म्हणाले. "उसाच्या कडेनं. आणि चूल उजव्या हाताला होती. डाव्या नाही."

"तुला काय ठावं?" आत्याबाईंनी विचारलं. "तू कवा हुतास तिथं?"

"मी आलो होतो एकदा. मामाबरोबर. शाळेला सुट्टी लागली होती."

मी लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत हे कधीच ऐकलं नव्हतं. आत्याबाईंनी कापड मांडीवर ठेवलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "ते तुझ्या ध्यानात हाय व्हय? म्या म्हनलं इसारला आसशील. ल्हान हुतास."

भास्कर बोलायला लागले ते आईकडे न बघता, पेपराकडे बघत. मामाबरोबर ते दुपारी कोपीवर पोचले. कुणीच नव्हतं, सगळे फडात. मामा बिडी ओढायला गेला. हे कोपीसमोर बसून राहिले. दिवस कलायला लागला तेव्हा कॅनॉलच्या कडेनं बायका मोळ्या घेऊन येताना दिसल्या. आई सगळ्यांत मागं होती. डोक्यावर उसाची मोळी, चेहरा काळवंडलेला, अंगावर वडिलांचा जुना शर्ट. "मी पळत आलो," भास्कर म्हणाले. "तू मला बघितलंस. आणि तू थांबली नाहीस. पुढंच गेलीस."

"गाडी उभी हुती रं," आत्याबाई म्हणाल्या. "भरून कारखान्याला जायाची हुती. मोळी डोक्यावं. खाली टाकली आस्ती तर परत उचलायला दुसरं मानूस लागतंय."

"ते आता कळतं."

"मोळी टाकून आले की न्हाई पळत?"

"आलीस."

"मग?"

"आलीस," भास्कर पुन्हा म्हणाले. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "पण दोन दिवसांत मामानं परत नेलं ना. मी त्या कोपीत कधी राहिलोच नाही, आई. दरवर्षी दसरा आला की तू त्या कोपीत जायचीस. मला ती कोपी बघवत नाही, एवढंच आहे."

मी तिथून उठावं की बसावं, मला समजेना. आत्याबाई कापडावर अर्धवट भरलेल्या डोंगरावरून अंगठा फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "डोंगर न्हवता तिथं, ते मला म्हाईत न्हाई व्हय? पर तू डोंगराखाली हुतास. चुलीम्होरं बसलं की मला तोच दिसायचा." आणि माझ्याकडे वळून, जसं काही दुसरं बोलणं झालंच नव्हतं तसं विचारलं, "मंजू, आता ह्याला कुठं बसवू?"

मी कापड हातात घेतलं. बसवायला जागा नव्हती. चित्र एकशेवीस घरांत अगदी मापात बसवलेलं. उजवीकडे बैलांची शेपटं संपली की लगेच बांध लागत होता. तिथं एक मुलगा, तो ज्या वाटेनं आला ती वाट, कॅनॉल आणि मोळी घेऊन येणारी आई, एवढं सगळं घालायचं तर चित्रच नवीन मांडायला हवं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "मांड मग." रुबीनाला बोलावलं. भास्कर त्या दिवशी उठून गेले नाहीत. रुबीना विचारत होती, कॅनॉल कोपीपासून किती लांब, वाट कोणत्या बाजूनं, आणि आई आणि मुलगा दोघंही तिला उत्तरं देत होते. एकदा तर दोघांचं बैलांच्या रंगावरून वाजलं. नवीन चित्र आडवं दहा इसा झालं, उभं सहा इसा. म्हणजे दोनशे आणि एकशेवीस घरं. डावीकडे कोपी, मधे मोळी घेतलेली आई, तिच्या मागं कॅनॉल, आणि उजवीकडे वाटेनं पळत येणारा मुलगा. डोंगर कुठंच नव्हता. रुबीनानं विचारलं, "आजी, डोंगर लांबवर दाखवू का थोडासा?" त्या म्हणाल्या, "आता कशाला? आता हा आलाय की."

दोनशे घरांना वीस इंच, एकशेवीसला बारा इंच. बांध धरून सव्वीस बाय अठरा. हिशेब सोपा होता. अवघड होतं ते दुसरंच. तेवढ्यातच तपासणीला गेलो होतो तेव्हा डॉक्टरांनी भास्करांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार लांबचं काही धरून चालू नका. जुन्या कापडावरचं काम निम्म्याच्या वर झालं होतं. ते महिन्या-दोन महिन्यांत पुरं झालं असतं. नव्यावर सगळं पहिल्यापासून, आणि फुल्या जवळजवळ अडीचपट. मी एक तोड काढून बघितली. म्हटलं, "आत्याबाई, बारीक विणीची मॅटी मिळते. इंचात अठरा घरं बसतात. चित्र तेवढंच, पण कापड लहान. हाताला हलकं पडेल." त्यांनी मी दाखवलेला बारीक मॅटीचा तुकडा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "ह्या भोकात मला सुई दिसंल व्हय? आन् येवढासा केला तर त्याचं तोंड कुठं दिसायचं?" भास्कर म्हणाले, "आई, आहे तेच पूर्ण कर. मी नसलो त्यात तरी चालेल मला." त्यावर आत्याबाई जे बोलल्या ते त्यांनी अगदी साधेपणानं, दोरा गुंडाळता गुंडाळता सांगितलं. म्हणाल्या, "सारा जलम तू नसल्यालंच चालवून घेतलं. आता न्हाई चालवायचं."

नवीन कापड भास्करांनीच आणलं. कापडबाजारात जाऊन आले. मी माप लिहून दिलं होतं, तरी अख्खा मीटर घेऊन आले. म्हणाले, कमी पडायला नको. सव्वीस बाय अठरा मी कापून दिलं, जुनं कापड रुबीनाला हवं होतं म्हणून आत्याबाईंनी तिला देऊन टाकलं आणि त्याच दुपारी नव्यावर मधल्या बिंदूपासून घरं मोजून कोपीच्या जागी पहिली फुली घातली. त्यानंतरचे दिवस मला आमच्या घरातले सगळ्यांत चांगले दिवस वाटतात, आणि तेच आठवून आता जीव तुटतो. भास्कर ऑफिसातून आले की हात-पाय धुऊन आईजवळ बसायचे. सुया ओवून द्यायचे. सात-आठ सुया वेगवेगळ्या रंगांच्या ओवून उशीला टोचून ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी ते नसताना तिला अडायला नको. आणि भरता भरता दोघं बोलायची. मी चहा करायच्या निमित्तानं आतून ऐकत राहायचे. आजी त्यांना मारायची नाही पण जेवायला लावून कशी छळायची, डोंगरावर करवंदं कधी पिकायची, आई यायच्या दिवसांत ते फाट्यावर जाऊन कसे बसायचे... आत्याबाई विचारायच्या, "आन् मग?" त्या वर्षांतलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. चाळीस वर्षांनी त्या आपल्या मुलाचं लहानपण ऐकत होत्या.

मी एकदोनदा म्हटलं, "आत्याबाई, मुलगा आधी भरून घ्या ना." मला घाई होती, आणि ती घाई कशाची ते त्यांनाही कळत होतं. त्या म्हणायच्या, "आगं, अदुगर घर तर हुंदे. चूल पेटूं दे. पोरगं येऊन उतरंल कुठं?" त्यांनी कोपी भरली. उजव्या हाताची चूल भरली, तिच्यात केशरी जाळ. बसलेले बैल भरले, एक पांढरा आणि एक तांबडा, भास्कर म्हणाले तसे. कॅनॉलला निळा दोरा कमी पडला तेव्हा मी तीच छटा मिळवायला दोनदा बाजारात गेले. मग त्या स्वतःला भरायला लागल्या. मोळीच्या हिरव्या पात्याला आणि नवऱ्याच्या शर्टाला त्यांनी फार वेळ घेतला. मुलाला कोणता रंग, ते आधीच ठरलं होतं. भास्करांनी त्या दिवशी मामाचा लाल स्वेटर घातला होता, कोपरापर्यंत बाह्या दुमडून. आत्याबाईंना तो स्वेटर आठवत होता. त्यांनी लाल रंगाच्या चार-पाच लड्या उन्हात धरून बघितल्या आणि एक निवडली.

ती लड वापरायची वेळ आली नाही. मोळीचा शेवटचा शेंडा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना सकाळपासून धाप लागली. दवाखान्यात नेलं. छातीत पाणी झालं होतं. मधे एक दिवस त्यांना बरं वाटलं, तेव्हा मी डबा घेऊन गेले होते. माझी त्यांची ती शेवटची भेट. ऑक्सिजनची नळी बाजूला करून त्या म्हणाल्या, "मंजू, कापड उंदराला लागंल आसं ठिवू नको." मी म्हटलं, "कपाटात ठेवलंय, तुम्ही आलात की काढू." त्यांनी मान हलवली. मग माझ्या साडीच्या पदराची कड दोन बोटांत धरून त्या ती मोजल्यासारखी चाचपत राहिल्या. मी बराच वेळ पदर सोडवून घेतला नाही.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. क्लास पुन्हा सुरू केला तेव्हा रुबीना म्हणाली, "ताई, आजींचं कापड द्या. मी भरून देते मुलगा. ग्राफ माझ्याकडे आहेच, आजींसारखाच टाका घालीन." तिचे डोळे भरले होते आणि ती अगदी मनापासून म्हणत होती. मलाही वाटलं, पुरं व्हावं. मी भास्करांना विचारलं. ते म्हणाले, "रुबीनाला सांग, ती म्हणाली तेच खूप झालं. पण नको." मग आम्ही दोघांनी ते कापड कोमट पाण्यात धुतलं, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवलं, उलट्या बाजूनं इस्त्री केली. मागची बाजू गाठींनी भरलेली होती. भास्कर इस्त्री ठेवून त्या गाठींवरून हात फिरवत उभे राहिले. मी त्यांना एकटं सोडलं.

फ्रेम करायला आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं कापड टेबलावर पसरलं, चारही बाजूंनी बघितलं आणि उजव्या बाजूच्या कोऱ्या भागावर हात ठेवला. "साहेब, इकडं काहीच नाही. हे मागं दुमडून टाकतो. कोपी आणि बाई बरोबर मधोमध येतील. फ्रेमही लहान लागेल." त्याचं बरोबर होतं. कोणीही तेच सांगितलं असतं. मीही. भास्कर म्हणाले, "दुमडू नका. ते कोरं कापडही चित्रात धरा." दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी पट्टी घेतली, ग्राफप्रमाणे चित्राची उजवी हद्द जिथं यायला हवी होती तिथंपर्यंत मोजून दिली. वीस इंच. बांध त्याच्यापुढे. "इथून दुमडा," मी सांगितलं.

आता ती फ्रेम आमच्या हॉलमध्ये, दारातून आत आलं की समोरच आहे. येणाऱ्याची नजर आधी चुलीतल्या केशरी जाळावर जाते, मग मोळी घेतलेल्या बाईवर, आणि मग त्या मोकळ्या पांढऱ्या भागावर येऊन अडखळते. बहुतेक लोक काही विचारत नाहीत. परवा भास्करांच्या ऑफिसातले एक गृहस्थ चहाला आले होते. त्यांनी विचारलं, "हे असं अर्धं का ठेवलंय?" मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं, आता हे विषय बदलतील, नाहीतर उठून अंगणात जातील. पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी दारातून बघितलं, तर भास्कर फ्रेमपाशी उभे होते आणि काचेवर बोट टेकवून त्या माणसाला एकेक दाखवत होते. ही आमची कोपी. ही चूल. हा पांढऱ्या, तो तांबड्या. हा कॅनॉल. ही माझी आई. मग बोट उजवीकडे सरकलं, कोऱ्या कापडावर थांबलं.

"आणि इथं," ते म्हणाले, "इथं मी येणार होतो."